विजी पत्र वाचते

मेडशी,
ता. ६ जुलै १९३७

तीर्थस्वरूप तुळसाबाईच्या पायांशी, मुक्काम अकोला,

धाकटा भाऊ दवलत याचा वाकून नमस्कार, वि. वि. इकडे आम्ही सारे ठीक. तिकडे तू ठीक असशीलच असं धरून चालतो.

पेरणी आटोपली. नाल्याकडच्या वावरात पऱ्हाटी टाकली, वरच्यात ज्वारी अन् तूर. तांबड्या बैलाचा खांदा सुजला होता, तो उतरला. सौ. कस्तुराची कंबर दुखते. पण माहेरची बैलबंडी दारात आली की दुखत नाही, म्हणून वैद्याकडे नेलं नाही.

आता ज्यासाठी कागद हातात घेतला ते सांगतो. आमच्या विजीच्या मास्तराले तू एक कडक पत्र लिहावं. तू मुलींच्या शाळेची हेडबाई, तुझ्या शब्दाले वजन आहे. माझ्या शब्दाले राह्यलं नाही, कारण मी त्याच्याशी आधीच भांडून बसलो आहे. पोट्टीले आठ सरून नववं लागलं, तिसरं वर्ष पहिलीत बसून आहे, अन् हा माणूस म्हणतो की तिले अक्षरओळख नाही, ती ढ आहे, नाव काढून घ्या अन् घरच्या कामाले लावा.

बाई, तूच सांग, ही पोट्टी ढ? विहिरीवरच्या मोटेच्या पाळ्या लावताना आम्ही चार घरचे बाप्ये सकाळपासून भांडत होतो. ही आली, चिंचोके मांडले, अन् पाळ्या लावून दिल्या. कोणाले बोलायले जागा ठेवली नाही. गावात कीर्तन झालं तर दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर तेच कीर्तन पुन्हा होते, बुवाच्या खोकल्यासकट. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, गावातल्या बाया आपापली पत्रं हिच्याकडूनच वाचून घेतात. डाकवाला आला की दुपारी ओटा भरते. ही मधात बसून असं पत्र वाचते की बाया हसतात, रडतात, पदरानं डोळे पुसतात. मी मास्तराले विचारलं, की जी अख्ख्या गावाचे पत्र वाचते तिले वाचता येत नाही, हे तुम्हाले कोणत्या पुस्तकात सापडलं? तो देशावरचा माणूस, नुसता चष्मा पुसतो.

एक कसूर मात्र तुझा बी आहे. बारशाले विजयमाला नाव तूच काढलं. साधं गंगू ठेवलं असतं तर पोट्टी एव्हाना नाव लिहून मोकळी झाली असती.

पत्र लवकर धाडावं, अन् मास्तराचं आधी धाडावं. माया आहे ती अशीच राहू द्यावी, ही विनंती.

तुझा,
दवलत


अकोला,
ता. १३ जुलै १९३७

चि. दौलत यास,

तुळसाबाईचे भरघोस आशीर्वाद, वि. वि. तुझे पत्र पावले. सवयीप्रमाणे लाल पेन्सिल हातात घेऊन वाचले आणि सवयीप्रमाणे पेन्सिल झिजली. विजीच्या नावात पाच अक्षरे आहेत ही तुझी तक्रार मंजूर. पण तुझ्या नावात तीनच आहेत, आणि चाळिशी आली तरी तू ते ‘दवलत’ असे लिहितोस.

मास्तरांना मी पत्र लिहिणार नाही. पालकांच्या शिकलेल्या बहिणींची कडक पत्रे मलाही येतात, आणि त्यांचे मी काय करते ते मलाच ठाऊक.

तुझ्या लिहिण्यात एक गोष्ट मात्र जुळत नाही. जी मुलगी कोणाच्याही हाताचे मोडके-तोडके पत्र घडघडा वाचते, तिला पहिलीच्या पुस्तकातले मोठे छापील अक्षर अडावे कसे? मास्तर खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही. विजी खोटी आहे असेही वाटत नाही. म्हणून एक कर. सोबत तिच्या नावाची वेगळी चिठ्ठी घातली आहे. त्यात लिहिले आहे, की तुझा बाप तुझ्याएवढा असताना शाळा चुकवून पेरूच्या झाडावर बसला, तिथेच त्याला डुलकी लागली, आणि तो खाली उभ्या असलेल्या गुरुजींच्या अंगावर पडला. तिला काही न सांगता ती चिठ्ठी वाचायला दे. ती हसली तर मास्तरांचा चष्मा बदलायला हवा. न हसली तर मला कळव, आणि तोवर तिला रागावू नकोस.

सौ. कस्तुरास कंबर शेकायला सांग. माहेरची बंडी महिन्याला एकदा बोलावलीस तरी गुण येईल. तुम्हा सर्वांवर जीव आहे, हे वेगळे लिहायला नको.

तुझी,
तुळसाबाई


मेडशी,
ता. २२ जुलै १९३७

ती. तुळसाबाईस,

दवलतचा नमस्कार, वि. वि. तुझी चिठ्ठी आली अन् आमच्या घराची दाणादाण झाली.

सारे जेवून बसले होते. मी चिठ्ठी विजीच्या हातात दिली, म्हणालो, आत्याबाईनं तुले लिहिलं, वाच. ती सरळ बसली, घसा साफ केला, कागदावर डोळे फिरवले, अन् लागली वाचायले. कुठी अडली नाही. वाचलं ते असं, की चिरंजीव विजयमालेस आत्याबाईचे आशीर्वाद. तिले हिरव्या बांगड्या अन् खणाचं परकर-पोलकं दिवाळीची वाट न पाहता घ्यावं. तिले शेण वेचायले धाडू नये. अन् रोज दिवेलागणीले गुळाचा एक खडा द्यावा. कस्तुरानं तर गुळाचं मडकं उतरवलं बी. मी विचारलं, अन् पेरूचं काय? ती म्हणे, कोणता पेरू?

मंग मी शाळेचं पुस्तक आणलं. ते तिनं पहिल्या पानापासून शेवटापर्यंत म्हणून दाखवलं, न चुकता. मी मधातच पान उलटलं. ती आपली आधीच्याच पानाचं म्हणत राह्यली. बाई, तिले अख्खं पुस्तक ऐकून ऐकून पाठ आहे, अन् वाचता एक ओळ येत नाही.

मले एकदम घाम फुटला, तो गावच्या पत्रांचा. तसाच उठलो अन् घरोघर फिरलो. पुंजाजीचं ऐक. त्याच्या रिसोडच्या भावानं पत्रात नांगराचा फाळ परत मागितला होता. विजीनं वाचलं, की पुतण्याचं लग्न जमून राह्यलं, काका आल्याशिवाय सुपारी फुटणार नाही. पुंजाजी नवा पटका बांधून, नारळ-साखर घेऊन रिसोडले हजर! भावाले वाटलं हाच स्थळ घेऊन आला. तिथं नेमका शेजारी एक पोरीचा बाप बसला होता. नारळ-साखर पाहून त्यानं गोष्ट काढली, अन् संध्याकाळपर्यंत खरीच सुपारी फुटली. मी पुंजाजीले खरं पत्र वाचून दाखवलं, तर तो माझ्यावरच चिडला. म्हणे, पोट्टीनं बरोबर वाचलं होतं, तुमालेच वाचता येत नाही.

इथपर्यंत मी हसलो असतो. पण मंग धनीबाईकडे गेलो. मारुतीच्या देवळामागं एकटी राहते ती. तुले आठवत असन, तिची एकुलती एक पोरगी कमली, इंझोरीले दिली आहे. तिचं पत्र भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं. विजीनं तिले वाचून दाखवलं होतं, की कमली सुखात आहे, सासू जीव लावते, मायनं काळजी करू नये, पीक घरात आल्यावर निवांत यावं. मी पत्र उघडलं. कमलीनं कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं: दिवस भरत आले, सासू खाटेवर पडून आहे, घरात करणारं कोणी नाही, माये, पत्र भेटताच निघून ये. हे येऊन आठ दिवस झाले होते.

धनीबाईनं लुगड्याची गाठोडी बांधली अन् दारात उभी राह्यली. मी बंडी जुंपून तिले मालेगावले मोटारीत बसवून आलो. पुढचं काय झालं ते अजून कळलं नाही. कस्तुरानं देव पाण्यात घातले आहेत.

विजी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसली, जेवली नाही. मी हात उगारला होता, कस्तुरा मधात आली. तुझं ‘रागावू नकोस’ बी आठवलं. मंग मी विचारलं, असं काहून केलं? तर म्हणे, बाया एवढ्या आशेनं येतात, मले वाचता येत नाही असं सांगू कशी? अन् म्हणे, बाबा, साऱ्याच पत्रात खुशाल आहे असंच लिहून असते ना, मंग मी बी खुशालच वाचलं.

बाई, आता तूच सांग काय करू. तुझ्यावाचून विचारायले कोणी नाही.

तुझा,
दवलत


अकोला,
ता. २८ जुलै १९३७

चि. दौलत यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि. तुझे पत्र वाचले तेव्हापासून कमलीत जीव अडकला आहे. इंझोरीहून काही कळले की दोन ओळी का होईना, पण लगेच टाक.

विजीला मारू नकोस. आपल्या घरात मार खाऊन कोणी शहाणे झाल्याचा दाखला नाही, आणि सर्वांत जास्त तूच खाल्ला आहेस. ती ढ नाही. नुसत्या कानांवर जिने तीन वर्षे शाळा, मास्तर, बाप आणि सारे गाव चालवले, तिला ढ म्हणायचे तर आपल्याला काय म्हणावे? माझ्या शाळेतही अशा एक-दोन मुली पाहिल्या. बोलण्यात, हिशेबात, गाण्यात सर्वांच्या पुढे, आणि पाटी हातात आली की रडवेल्या. याला काय म्हणतात ते मला आमच्या ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवले नाही. आळस म्हणतात सगळे. पण आळशी पोर एवढा खटाटोप करीत नाही.

आता असे कर. परातीत ज्वारी पसर आणि तीत तिला बोटाने अक्षर काढू दे. मोठे काढायचे, तोंडाने म्हणायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. एक अक्षर पक्के बसल्याशिवाय दुसरे घ्यायचे नाही, मग त्याला आठवडा लागो. सोबत दुसरे मूल बसवू नकोस. आणि तिला एकदा मायेने विचार, की अक्षराकडे पाहिले म्हणजे तुला काय दिसते, कुठे अडते. ती सांगेल ते जसेच्या तसे मला लिही. त्यात तुझे शहाणपण मिसळू नकोस.

धनीबाई परत आली की विजीला तिच्या दारी पाठव. तू सोबत जाऊ नकोस. जे बोलायचे ते तिचे तिने बोलावे.

घाबरू नकोस. मी आहे.

तुझी,
तुळसाबाई


मेडशी,
ता. १७ ऑगस्ट १९३७

ती. तुळसाबाईस,

दवलतचा नमस्कार, वि. वि. आधी गोड बातमी. कमली सुटली, पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. धनीबाई पोहोचली तेव्हा कमली एकटीच चुलीपुढं बसून कळा सोसत होती. एक दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं ते लिहवत नाही. जावयाचं पत्र आलं, ते मीच वाचलं. शेवटी धनीबाईचा निरोप होता, की माह्या पत्राले त्या पोट्टीचा हात लागला तर मी मेल्यावर बी माफ करणार नाही. विजी दारामागं उभी राहून ऐकत होती.

आता तुझ्या ज्वारीचं सांगतो. पहिल्या दिवशी ओट्यावर परात मांडली, विजीनं छान मोठा म काढला. मी पाणी प्यायले आत गेलो तेवढ्यात कोंबड्यांनी म खाल्ला. दुसऱ्या दिवशी घरात मांडली, तर कस्तुरा म्हणे, अन्नावर बोटं फिरवत बसणं बरं नाही. तिचे वेगळे उपाय चालू आहेत. रोज रात्री बदाम भिजत घालते, सकाळी विजीले देते. विजीले बदाम आवडत नाहीत, ती मले देते. माझी आठवण बरीच सुधारली आहे. शेवटी राखेचा तोडगा काढला. राख कोंबड्या खात नाहीत. म, क अन् न असे पक्के झाले.

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. ती म्हणे, व अन् ब सारखेच आहेत, एकाच्या पोटात काडी आहे. ती काडी मले कधी दिसते, कधी दिसत नाही. भ अन् म, घ अन् ध, यांचं डोकं कोणतं कसं ते ध्यानात राहत नाही. ओळ वाचायले गेलं की अक्षरं जत्रेतल्या माणसांवानी हलतात, एकाचा हात धरावा तर दुसरं गर्दीत निसटून जाते.

अजून म्हणे, पुस्तकात फळाचं चित्र आहे. मी फय म्हणते, माय फय म्हणते, बाबा तुमी बी फयच म्हणता. मी पाटीवर फय लिहिलं तर मास्तरानं काट मारली. मंग चूक कोणाची?

मंग तिनं विचारलं, की बाबा, माह्या नावातली वेलांटी व च्या आधी लिहितात अन् मागून म्हणतात, असं काहून? आधी लिहिली तर आधी म्हणा ना. बाई, मी जन्मभर वेलांट्या लिहिल्या, हे कधी डोक्यात आलं नाही. मी मास्तराकडे गेलो. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, अन् म्हणाला की हा प्रश्न ढ पोरीचा वाटत नाही. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. नाव काढायची गोष्ट त्यानं दिवाळीनंतरवर टाकली.

तेव्हा दिवाळीपर्यंत काही जमलं तर जमलं, नाही तर पोट्टीची शाळा सुटली म्हणून समज. वेलांटीचं उत्तर कळव. जीव आहे तोवर तुझाच,

दवलत


अकोला,
ता. २६ ऑगस्ट १९३७

चि. दौलत यास,

पोटभर आशीर्वाद, वि. वि. कमलीची बातमी वाचून मी शाळेत पेढे वाटले. कोणाचे म्हणून विचारले तर सांगता येईना.

वेलांटी आधी का लिहितात ते मला माहीत नाही. विजीला तसेच सांग, की आत्याबाईला माहीत नाही. एवढी शिकलेली बाई कुठेतरी अडते हे तिला कळले, तर तेही औषधच. ‘फय’चे असे सांग, की फय चूक नाही, ते आपले बोलणे आहे. पुस्तक लिहिणारे लोक दुसऱ्या गावचे, ते फळ म्हणतात. पाहुण्याच्या घरी गेलो की त्याच्या रीतीने वागतो, तसे पुस्तकाच्या घरी गेलो की फळ लिहायचे. आपल्या घरी आलो की फय खायचे.

पोळा जवळ आला. मातीचे बैल कराल तेव्हा तिला अक्षरेही मातीचीच करू दे. व आणि ब, भ आणि म, अशा जोड्या. वाळली की डोळ्यांवर फडके बांधून हाताने चाचपून ओळखायची. काडी डोळ्यांना दिसत नसली तरी बोटाला लागेल.

दुसरे त्याहून महत्त्वाचे. तिला ऐकलेले पाठ होते, म्हणून पुस्तक तिच्या कामाचे नाही. तिच्याच तोंडची एखादी गोष्ट तू लिहून घे, आणि लिहिताना मुद्दाम कुठे कुठे चूक कर. बैल म्हणाली तर तू बेल लिही. मग तिला म्हण, की मी चुकलो आहे, शोध. पाठ असलेले इथे उपयोगी पडत नाही; एकेका अक्षराकडे पाहावेच लागते. आणि बापाच्या चुका काढायला मिळतात म्हटल्यावर ती झोपणार नाही.

दिवाळीला मी येते. धनीबाईकडे मी तिला घेऊन जाईन. कस्तुरास सांग, बदाम माझ्यासाठी ठेव.

तुझी,
तुळसाबाई


मेडशी,
ता. २१ नोव्हेंबर १९३७

ती. तुळसाबाईस,

दौलतचा नमस्कार, वि. वि. वर माझं नाव पाहून तू चमकली असशील. ते विजीनं दुरुस्त केलं. पत्र लिहायले बसलो की ती मागं उभी राहते.

तू गेल्यापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी शाळा भरते अन् तीत एकटा मीच विद्यार्थी आहे. ती गोष्ट सांगते, मी लिहितो, चुका पेरतो. मंग ती ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर चाचपत जाते. वेळ लई लागते. मधात चिडते, पाटी ढकलून देते, बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडते, अन् परत येते. चूक सापडली की असा आनंद होते की शेजारी विचारायले येतात. मुद्दाम केलेल्या तर धरतेच. मुद्दाम न केलेल्या बी धरते, अन् त्याच जास्त निघतात. परवा मास्तर आले होते, ते बघत बसले. मी ‘आशिर्वाद’ लिहिलं होतं. तिनं तिथं बोट ठेवून म्हटलं, की आत्याबाईच्या कागदात ही वेलांटी दुसऱ्या बाजूले असते. मास्तर म्हणाले, बरोबर आहे. बाई, दोन मास्तरांपुढं माझी काय अवस्था झाली असन!

मास्तरानं तिले तपासायचं म्हणून दुसरीच्या फळीवर बसवलं आहे. लिहिणं अजून वाकडंच. घाई केली की भ चा म होते. तोंडी विचारलं तर तिसरीतल्या पोरांच्या पुढं जाते. मास्तर म्हणाले, जेवढं तोंडी घेता येईल तेवढं तोंडी घेतो. चांगला माणूस आहे. मी आधीच म्हणत होतो.

धनीबाईचं मात्र तसंच आहे. दिवाळीत तू विजीले घेऊन गेली, तेव्हा तिनं तुले चिवडा दिला अन् पोट्टीकडे पाह्यलं बी नाही, हे तू मले जाताना सांगितलं. तेव्हापासून विजी विहिरीवर धनीबाई दिसली की कळशी अर्धीच भरून घरी येते. ओट्यावर बाया येतात, पत्रं मीच वाचतो. विजी आत बसून राहते.

येत जा. लोभ आहे तो पत्रापुरता ठेवू नको.

तुझा,
दौलत


अकोला,
ता. १ डिसेंबर १९३७

चि. दौलत यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि. या खेपेस लाल पेन्सिलीला काम पडले नाही, म्हणून थोडे चुकल्यासारखे वाटले. विजीला सांग, तिने माझ्या पोटावर पाय दिला.

एक मात्र मनाशी धरून ठेव. ती कदाचित इतरांसारखी भरभर कधीच वाचणार नाही. काही बैल रस्त्याने सावकाश चालतात आणि तरी बाजाराला पोहोचतात. तिच्या पाठीवर घाईचा कोरडा ओढू नकोस. मास्तरांनाही ओढू देऊ नकोस.

धनीबाईबद्दल मी काही सांगू शकत नाही. त्या बाईच्या बाबतीत झालेली चूक लहान नव्हती. तिने पाहिले नाही, पण विजी बोलली तेव्हा तिने दार लावून घेतले नव्हते, एवढे मी पाहिले.

थंडीत विजीच्या पायांना तेल लावत जा. तुम्हा सर्वांच्या खुशालीची, खऱ्या खुशालीची, वाट पाहणारी,

तुळसाबाई


मेडशी,
ता. १३ फेब्रुवारी १९३८

ती. तुळसाबाईच्या सेवेशी,

दौलतचा साष्टांग नमस्कार, वि. वि. तूर निघाली, बरी उतरली. सौ. कस्तुरा माहेरी जाऊन आली, कंबर ठणठणीत आहे. आता काल काय झालं ते ऐक.

दुपारी ओट्यावर बाया जमल्या होत्या, मी पत्रं वाचून राह्यलो होतो. तेवढ्यात धनीबाई आली. हातात इंझोरीचं पत्र. मी हात पुढं केला तर तिनं दिलं नाही. म्हणे, तुमी वाचता ते सरकारी दवंडीवानी वाटते, माह्या लेकीचं पत्र हाये का पट्टीचा तगादा तेच कळत नाही. पोट्टी कुठी हाये तिले बलावा. मी म्हणालो, धनीबाई, ती सावकाश वाचते. तर म्हणे, मले कुठी जायचं हाये?

विजी आली. धनीबाईनं पत्र तिच्या हातात दिलं अन् समोर बसली. विजीनं ओळीखाली बोट ठेवलं. बाई, तिनं ते पत्र वाचायले एवढा वेळ घेतला की मी मधात जाऊन बैलाले पाणी पाजून आलो तरी ती अजून दुसऱ्या पानावरच होती. एका शब्दावर अडली तर बाया सुचवायले लागल्या. धनीबाईनं साऱ्यांले गप्प केलं. एकदा तर विजीनं वाचलेलं मागं घेऊन पुन्हा वाचलं. म्हणे, थांबा, इथं व नाही, ब आहे, मले काडी दिसली नव्हती.

पत्रात काय होतं? म्हैस आटली. सासूचं बरं आहे. पोरीले दात येऊन राह्यले. जावयानं कुंपण घातलं. एवढंच. बायांचा विरस झाला. पुंजाजीची बायको तर तोंडावर म्हणाली, की विजे, आधी तू किती छान वाचायची वो, आताशा तुह्या वाचण्यात काही दम राह्यला नाही. पण धनीबाई कानात जीव आणून ऐकत होती. शेवटी विजीनं वाचलं, की माये, तुह्या हातच्या तुरीच्या सोल्याच्या भाजीची लई आठवण येते, जेवताना घास अडते. तिथं धनीबाईनं पदर डोळ्याले लावला. मंग पत्र घडी करून चोळीत खोचलं, विजीच्या डोक्यावर हात ठेवला, अन् उठून गेली. संध्याकाळी सोल्याच्या भाजीचं भांडं आमच्या घरी आलं. म्हणे पोट्टीले द्या. मले थोडी मागितली तर विजीनं दिली नाही.

सोबत विजीनं तुले स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली आहे. सकाळपासून लिहीत होती. मले वाचू दिली नाही. म्हणे तुमी चुका धरसान. घडी घालून लिफाफ्यात तिनंच घातली अन् तिनंच चिकटवला. तेव्हा आत काय आहे ते मले माहीत नाही, तू कळव.

माया अशीच वाढत राहो.

तुझा,
दौलत


आत्याबाईले विजीचा नमसकार.

मी धनीमावशीचं पतर सारं बराबर वाचलं. एक बी शबद सोडला नाई. मनाचं कायीच घातलं नाई. मंग पतर सरलं तरी मावशी तशीच बसून होती. मनून मी आखरीले सोल्याची माजी सांगतली. ते कमलीनं लिवलं नवतं. पन तिले याद येतच असन.

बाबाले सांगू नोको.

विजी